रिमोट कोणाच्या हातात?
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



माझा आजचा विषय कमिटीने ठरवला नाही, नोटीस बोर्डाने ठरवला. गेला महिनाभर तिथे एक अर्ज लावलेला आहे. केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला उद्देशून लिहिलेला. मागणी अशी की टीव्हीवरच्या मालिका, बातम्या आणि मोबाईलवर दिसणाऱ्या वेबसिरीज, या सगळ्यांवर सेन्सॉर बसवावा. आधी सरकारने पाहावं, मगच लोकांना दाखवावं. कालपर्यंत त्याखाली सदतीस सह्या झाल्या होत्या. माझी त्यात नाही. दोघा-तिघांनी विचारलं, "काका, तुम्हाला हे सगळं चालतं का?" चालत नाही. तरीही सही का केली नाही, ते सांगण्यासाठी उभा आहे.

आधी अर्जदारांचं म्हणणं मान्य करून टाकतो. रात्री साडेआठला जेवायला बसावं आणि समोर आठ चौकटींत आठ माणसं एकमेकांवर ओरडत असावीत, याला चर्चा म्हणत नाहीत. मालिकेत सुनेला विष घालणारी सासू वर्षभर सुखात असते आणि शेवटच्या भागात तिला पश्चात्ताप होतो. जाहिरात लागली की आवाज एकदम वाढल्यासारखा वाटतो आणि पाळण्यातलं बाळ दचकतं. वेबसिरीजमधल्या शिव्या आपल्या खेळाच्या मैदानापर्यंत आल्या आहेत, हे मी स्वतः बाल्कनीतून ऐकतो. तेव्हा तक्रार खरी आहे. प्रश्न उपायाचा आहे.

"सरकारने पाहून ठरवावं" हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेलेला आहे. तेव्हा टीव्ही नव्हता, रेडिओ होता आणि तो पूर्ण सरकारचा होता. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आपल्या पुण्याचे. विद्वान माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. त्यांना वाटलं, सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते आहे. हेतू चांगलाच होता. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. आणि लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत पोचला. गाणी तीच, श्रोते तेच, फक्त जाहिरातींचे पैसे श्रीलंकेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. या सभागृहातल्या ज्येष्ठांपैकी निम्म्यांचं बालपण तिच्यावरच गेलेलं आहे.

हार्मोनियमची गोष्ट तर याहून गमतीची. हे वाद्य परदेशी, त्यात मींड निघत नाही, म्हणून १९४० पासून सुमारे तीन दशकं ते आकाशवाणीवर बंद होतं. घरात पेटी, भजनात पेटी, संगीत नाटकात पेटी. फक्त सरकारी रेडिओवर नाही. वाद्य चांगलं की वाईट हा संगीतकारांचा वाद. तो हुकूम काढून सुटत नाही.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं हसण्यासारखं नाही. १९७५ साली आणीबाणी आली. सरकारच्या कार्यक्रमात सहकार्य करायला किशोर कुमारांनी नकार दिला, तेव्हा त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. आणीबाणीनंतर नेमलेल्या शहा आयोगासमोर हे प्रकरण आलं. आता बघा, केसकरांच्या काळात गाणं बंद झालं अभिरुचीसाठी, आणीबाणीत गाणं बंद झालं रागासाठी. बटण मात्र एकच होतं. चांगल्या माणसाच्या हातात बटण दिलं की पुढच्या माणसाच्याही हातात तेच बटण जातं. आपल्या सोसायटीतसुद्धा आपण असंच म्हणतो ना, की कमिटीला अधिकार देताना आत्ताचे सेक्रेटरी डोळ्यांसमोर आणू नका, दहा वर्षांनी कोण येईल याचा विचार करा.

दुसरी एक गोष्ट लक्षात घ्या. बंदीची मागणी दरवेळी सरकारच करतं असं नाही. पुष्कळदा ती आपल्यासारखे प्रेक्षकच करतात. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर गोविंद निहलानींची 'तमस' मालिका सुरू झाली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, फाळणीच्या दंगलींवरची. ती दाखवली तर पुन्हा दंगली होतील, म्हणून थांबवा, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली आणि सुरुवातीला स्थगितीही मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी मालिका स्वतः पूर्ण पाहिली. आणि सांगितलं, दाखवायला हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं.

त्या निकालात एक कसोटी वापरली आहे, ती मुळात नागपूरची. न्यायमूर्ती विवियन बोस नागपूर उच्च न्यायालयात असताना, चाळीसच्या दशकात, त्यांनी ती घालून दिली. तिचा आशय असा, की एखाद्या लिखाणाचा परिणाम काय होईल हे ठरवताना सारासार विचार करणारा, खंबीर मनाचा माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. प्रत्येक गोष्टीत धोका दिसणारा, डळमळीत मनाचा माणूस नाही. मला ही कसोटी फार मोलाची वाटते, कारण तिच्यात प्रेक्षकाचा मान राखलेला आहे. नोटीस बोर्डावरच्या अर्जात नेमका तो राहिलेला नाही. अर्ज म्हणतो, आम्हाला काय पाहावं हे कळत नाही, तुम्ही ठरवा. सह्या करणाऱ्या सदतीस जणांपैकी एकालाही स्वतःबद्दल असं वाटत नसणार. ते शेजाऱ्याबद्दल वाटतं!

मग तुम्ही म्हणाल, संपलं. ज्याला आवडत नाही त्याने चॅनेल बदलावं. टीव्हीवाले तरी दुसरं काय सांगतात? तर तेही मला पटत नाही.

२६ नोव्हेंबर २००८. आपल्या मुंबईवर हल्ला झाला. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमध्ये आपले जवान आत शिरत होते, आणि ते कुठून उतरतायत, कुठे उभे आहेत, हे वाहिन्या थेट दाखवत होत्या. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तीच चित्रं पाहून फोनवरून आतल्या अतिरेक्यांना सूचना देत होते. हे माझं मत नव्हे. कसाबच्या खटल्याच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते नोंदवून वाहिन्यांना कडक शब्दांत सुनावलं आहे. आता मला सांगा, मी माझ्या घरी चॅनेल बदललं असतं तर त्या जवानाचा धोका एका कणाने तरी कमी झाला असता का?

दुसरं उदाहरण दिल्लीचं, ऑगस्ट २००७ चं. एका वाहिनीने स्टिंग ऑपरेशन दाखवलं, की अमुक शाळेतली शिक्षिका मुलींना वाईट मार्गाला लावते. बातमी लागली, शाळेबाहेर जमाव जमला, त्या बाईंना मारहाण झाली, भर रस्त्यात कपडे फाडले गेले. पुढे पोलीस तपासात निष्पन्न झालं की स्टिंग बनावट होतं. सरकारने ती वाहिनी एक महिना बंद ठेवली. त्या शिक्षिकेने रिमोट दाबून काय साधलं असतं?

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. कार्यक्रमामुळे जेव्हा पाहणाऱ्याला त्रास होतो, तेव्हा त्याच्या हातात रिमोट असतो. पण जेव्हा न पाहणाऱ्याचं नुकसान होतं, त्याचा जीव, त्याची अब्रू, त्याच्या खटल्याचा न्याय धोक्यात येतो, तेव्हा रिमोटचा काही उपयोग नसतो. तिथे कायदाच लागतो. पहिली गोष्ट आवडीची, दुसरी इजेची. आपला अर्ज या दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

आपल्या उपविधींतही आपण हेच करतो. तुमच्या फ्लॅटमध्ये भिंतीला कोणता रंग द्यायचा, कोणतं गाणं ऐकायचं, हे सोसायटी सांगत नाही. पण बाथरूम गळून खालच्या घराचं छत ओलं झालं, तर "माझं घर, माझी मर्जी" हे चालत नाही. गळती थांबवावीच लागते.

आता कायद्याचं बघू. पुष्कळांना वाटतं, टीव्हीला नियमच नाहीत. आहेत, आणि भरपूर आहेत. केबल टेलिव्हिजनचा कायदा १९९५ चा, त्याचे नियम १९९४ पासूनचे. त्यात कार्यक्रम संहिता आहे आणि जाहिरात संहिता आहे. सुरुची आणि सभ्यतेला बाधा नको, धर्म-जातींवर हल्ला नको, कोणाची खोटी बदनामी नको, अंधश्रद्धेला उत्तेजन नको, स्त्रियांची विटंबना नको, असं सगळं त्यात लिहिलेलं आहे. २६/११ च्या अनुभवानंतर २०१५ मध्ये एक कलम वाढलं: अतिरेक्यांविरुद्ध कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढीच द्यायची. हे कलम मला पूर्ण मान्य आहे. नेमकं आहे, मोजकं आहे, त्याला कारण आहे, आणि कारवाई संपली की बंधन संपतं. नियम करायचा तर तो असा असावा.

उलट 'सुरुची' या शब्दाचं काय करायचं? केसकर साहेबांची सुरुची, का माझी, का आमच्या नातवाची? शब्द जितका ढगळ, तितका अंमल करणाऱ्याचा हात मोकळा. आणि अंमल करणारा कोण? सरकारचं खातंच. ज्या बातम्या सरकारवर टीका करतात, त्या चांगल्या की वाईट हे सरकारनेच ठरवायचं. इथे पक्षाचं नाव घेऊ नका. दिल्लीत गेल्या पन्नास वर्षांत पाळीपाळीने सगळे येऊन गेले आहेत. २०२२ मध्ये केरळच्या 'मीडिया वन' या वाहिनीला राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन परवान्याचं नूतनीकरण नाकारलं गेलं. कारणं बंद पाकिटात, वाहिनीला दाखवलीच नाहीत. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि सांगितलं, की सुरक्षेचा नुसता उच्चार करून चालत नाही, आणि सरकारवरची टीका म्हणजे देशविरोध नव्हे. निकाल चांगला लागला, पण त्याला वर्षाहून जास्त काळ लागला.

मग सरकार नको, वाहिन्यांची मर्जीही नको, तर कोण? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने तीस वर्षांपूर्वीच दिलं आहे. १९९३ च्या हीरो कप क्रिकेट सामन्यांचं प्रक्षेपण कोणी करायचं यावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. त्याचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. त्यांनी म्हटलं, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या मालकीची नाही आणि पैसेवाल्यांच्या मालकीचीही नाही. तिच्यावर नियंत्रण हवं, पण ते समाजातल्या सगळ्या थरांचं प्रतिनिधित्व असलेल्या स्वायत्त संस्थेचं हवं.

आपल्या भाषेत सांगायचं तर गच्ची सगळ्यांची. तिथे लग्नाचा कार्यक्रम किती वाजेपर्यंत, स्पीकरचा आवाज किती, हे ठरवावंच लागतं. पण ते बिल्डरने ठरवायचं नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या एकट्या मालकानेही नाही.

तशी स्वायत्त संस्था आजतागायत झालेली नाही. सरकारं बदलली, पण हातातलं बटण कोणालाच सोडवेना. त्याऐवजी वाहिन्यांनी स्वतःची मंडळं नेमली. वृत्तवाहिन्यांचं २००८ पासून, मनोरंजन वाहिन्यांचं २०११ पासून. निवृत्त न्यायमूर्ती तिथे काम करतात, काही चांगले निर्णयही झाले. पण जी वाहिनी त्या संघटनेची सभासदच नाही, ती ऐकत नाही. आणि वृत्तवाहिन्यांना २०२३ मध्ये दंड होता जास्तीत जास्त एक लाख. अर्ध्या तासाच्या आरडाओरड्यावर वाहिनी जाहिरातींतून किती कमावते आणि दंड किती! ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या रकमेबद्दल नाराजी व्यक्त केली. न्यायालय चालू असताना टीव्हीवर वेगळं न्यायालय भरवणं हा न्यायदानात अडथळा आहे, असं आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये निक्षून सांगितलं. तरी संध्याकाळी नऊचा निकाल रोज लागतोच आहे.

आता आपल्या घराकडे येऊ, कारण 'वैयक्तिक निवड' हा शब्द फार सोपा वाटतो. २०१९ पासून आपल्याला हव्या त्याच वाहिन्या निवडून पैसे भरता येतात. प्रत्यक्षात आपण केबलवाला सांगतो ते पॅक घेतो आणि मग त्यात आलेल्या वाहिन्यांना शिव्या देतो. सेट-टॉप बॉक्सला पिन घालून वाहिनी कुलूपबंद करता येते. २०२१ च्या नियमांप्रमाणे वेबसिरीजवर वयाचे गट लिहावे लागतात, सात वर्षांवरील, तेरावरील, सोळावरील आणि फक्त प्रौढांसाठी. आणि तेराच्या पुढच्या गटांना पालकांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते. पिन कोणी घातला आहे, हात वर करा बरं! (हशा) तीन हात. आणि त्यातल्या दोघांचा पिन मुलांनीच घालून दिलेला असणार.

शिवाय घरात एक टीव्ही असेल तर निवड नक्की कोणाची? आजोबांच्या हातात रिमोट असेल तर अख्ख्या घराने दोन तास भांडणं पाहायची. सरकारी मक्तेदारीला आपण विरोध करतो, घरातल्या मक्तेदारीचं काय? सुनेला रात्री नऊला गाण्याचा कार्यक्रम पाहायचा असेल तर तो वैयक्तिक निवडीचा प्रश्न आहे आणि त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

मुलांचा प्रश्न मात्र मी आवडीच्या खात्यात टाकत नाही. सहा वर्षांच्या मुलाला खंबीर मनाच्या माणसाची कसोटी लावता येत नाही. म्हणून वयाचे गट, कार्यक्रमांच्या वेळा, मुलांना उद्देशून केलेल्या जाहिराती यांवर नियम असावेत, आणि ते काटेकोर पाळले जावेत, असं माझं मत आहे. यात बंदी नाही. पालकाला आधी सांगणं आहे. डब्यावर आत काय आहे ते लिहा, एवढंच.

तेव्हा माझी सूचना अशी. अर्ज फाडू नका, दुरुस्त करा. "आधी सरकारने पाहावं" हे वाक्य काढा. त्याजागी तीन मागण्या लिहा. एक, न्यायमूर्ती सावंतांच्या निकालात सांगितलेली स्वायत्त संस्था संसदेने कायदा करून स्थापन करावी; नेमणुकीत सरकारचं बहुमत नसावं आणि प्रेक्षकांचे प्रतिनिधी असावेत. दोन, खोट्या बातमीने एखाद्याची अब्रू गेली तर जेवढ्या वेळा आरोप दाखवला तेवढ्याच वेळा आणि त्याच वेळेला माफी दाखवावी, आणि दंड कमाईच्या प्रमाणात असावा. तीन, वयाचे गट आणि जाहिरातींचे नियम खरोखर पाळले जावेत. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत, त्या कर्कश नकोत, हा नियम आजही पुस्तकात आहे. या तीन मागण्या असतील तर अडतिसावी सही माझी.

आणि तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. २०२१ च्या नियमांनुसार कोणीही प्रेक्षक वाहिनीकडे लेखी तक्रार करू शकतो. वाहिनीने चोवीस तासांत पोच द्यायची, पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर त्यांच्या स्वनियमन मंडळाकडे अपील करता येतं. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि नक्की काय खटकलं, एवढं लिहायचं. "संस्कृतीचा ऱ्हास" असं लिहू नका, त्यावर काही होत नाही. आपल्याकडे निवृत्त मंडळी भरपूर आहेत, अर्ज लिहिण्याची हौसही आहे. पाण्याच्या टँकरसाठी आपण महापालिकेला किती पत्रं लिहिली, ते कमिटीच्या फायलीत आहे. यासाठी दहा लिहू.



भाषणानंतरची दोन प्रश्नोत्तरे

एका भगिनीने विचारले: आम्ही दोघेही नोकरीला. दुपारी मुलगा घरी एकटा असतो. पिन, कुलूप, हे सगळं बोलायला ठीक. सरकारने बंदच केलं तर आमची काळजी मिटेल ना?

उत्तर: ताई, तुमची अडचण खरी आहे, आणि ती पिनने सुटत नाही. पण बंदीनेही सुटणार नाही, कारण रेडिओ सिलोनच्या सुईपेक्षा मोबाईलचं बोट फार सोपं आहे. दुपारी एकटं असलेल्या मुलाला माणूस लागतो. आपल्या क्लबहाउसची खोली दुपारी दोन ते सहा कुलूपबंद असते. ती उघडी ठेवून ज्येष्ठांपैकी दोघांनी आळीपाळीने बसायचं ठरवलं, तर सोमवारची पाळी मी घेतो.

एका तरुण सभासदाने विचारले: तुम्ही स्वायत्त संस्था म्हणता, पण तिथेही सरकारची माणसं घुसतीलच. मग सगळंच मोकळं का नको?

उत्तर: घुसण्याचा प्रयत्न होईल. कोणत्या संस्थेत होत नाही? म्हणून नेमणूक कशी, मुदत किती, काढायचं कोणी, निर्णयाची कारणं जाहीर करायची की नाही, हे कायद्यातच लिहावं लागतं. पण सगळंच मोकळं सोडलं तर दिल्लीच्या त्या शिक्षिकेने कोणाकडे जायचं, याचं उत्तर तुम्ही मला द्या. ते मिळालं तर मी माझं मत बदलायला तयार आहे.